बाबा, पान काळे झाले तरी घाबरू नका

टोरांटो
12 फेब्रुवारी

ति. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

रविवारी आई म्हणाली की तुम्ही आता पेपरातले मथळेच तेवढे बघता आणि बाकीचे तिच्याकडून वाचून घेता. ते ऐकल्यापासून जिवाला चैन नाही. ताटाशेजारी पुस्तक उघडे ठेवून जेवणारे तुम्ही, आणि आज भिंग घेऊनही दोन पानांवर डोळे दुखतात! म्हणून चारुमावशीच्या अमितबरोबर एक किंडल, म्हणजे पुस्तके वाचायचे यंत्र, पाठवते आहे. फोनवर सांगितलेले निम्मे निसटते, त्यामुळे सगळे लिहूनच काढते.

तुमची पहिली हरकत मला ठाऊक आहे, ‘मोबाइलच तो, थोरला.’ तसे नाही, बाबा. मोबाइलचा पडदा मागून पेटलेला असतो आणि आपण त्या उजेडाकडे टक लावून बसतो. किंडलच्या पडद्याखाली केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात, लाखोंनी. प्रत्येकीत पारदर्शक द्रव, आणि त्यात पांढरे नि काळे कण. पांढऱ्यांवर धन विद्युतभार, काळ्यांवर ऋण. खालून विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात, आणि अक्षर उमटते. एकदा वर आलेले कण तिथेच राहतात. वीज लागते ती फक्त पान बदलताना, म्हणून एकदा चार्ज केले की कित्येक दिवस बघावे लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये हे ‘इलेक्ट्रॉनिक शाई’चे तंत्र तयार झाले, 1997 मध्ये त्याची कंपनी निघाली, आणि 2004 मध्ये सोनीने जपानात या शाईचे पहिले वाचनयंत्र विकायला आणले. किंडल आले 2007 मध्ये.

ही शाई कागदासारखीच बाहेरच्या उजेडावर वाचायची. सकाळी गच्चीत उन्हात बसलात तर अक्षर आणखी ठसठशीत दिसेल. रात्रीसाठी कडेला बारीक दिवे आहेत, पण त्यांचा उजेड पानावर पडतो, डोळ्यांत येत नाही. आणि एक, पान उलटताना कधी कधी सगळा पडदा क्षणभर काळा होतो. यंत्र बिघडले असे समजू नका. आधीच्या पानाची पुसट छाया राहू नये म्हणून ते पाटी पुसून घेते.

आता मुख्य गोष्ट. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आणि मोठे केले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. त्यामुळे पृष्ठक्रमांकावर भिस्त ठेवता येत नाही, ‘चौदा टक्के झाले’ असा हिशेब असतो. तुम्ही नि जोशीकाका पान नंबर सांगून वाद घालता, तिथे थोडी पंचाईत होईल. आणि हे ओळी मांडणे पीडीएफमध्ये होत नाही. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटोच समजा. मोठे केले तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि पान इकडून तिकडे सरकवत बसावे लागते. नेटवर फुकट मिळणारी पुष्कळशी मराठी पुस्तके याच रूपात आहेत. त्यातली जुनी काही तर युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखीच उमटावीत म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटांत टाइप झालेली, त्यांचे रूपांतर करायला जावे तर ‘क’च्या जागी भलतेच चिन्ह. मराठीचे इतके साहित्य या अडचणीत अडकून पडले आहे याचे मला फार वाईट वाटते. म्हणून ‘ईपब’ असे लिहिलेली फाइल मिळाली तर तीच घ्या, तिच्यात ओळी नव्याने मांडल्या जातात. अमितला दिलीत की तो ईमेलने किंडलवर चढवील.

मी स्वतः कोबो या कंपनीचे असेच वाचनयंत्र वापरते. ही कंपनी इथे टोरांटोतच सुरू झाली. सार्वजनिक वाचनालयाची पुस्तके त्यावर घरबसल्या येतात आणि 21 दिवसांनी आपसूक परत जातात. गंमत म्हणजे तिथेही नंबर लावावा लागतो, कारण एका परवान्यावर एका वेळी एकालाच वाचता येते. तुमच्यासाठी मात्र किंडल बरे वाटले. डिसेंबर 2016 पासून त्यावर मराठी पुस्तके विकत मिळतात.

विकत मिळतात म्हटले खरे, पण पुस्तक आपल्या मालकीचे होत नाही, वाचायची परवानगी तेवढी मिळते. जोशीकाकांना वाचायला द्यायचे तर अख्खे यंत्रच द्यावे लागेल. 2009 मध्ये तर अमेरिकेत जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तके लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली गेली, कारण ज्याने ती विकायला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, किंडल विकणाऱ्या ॲमेझॉन कंपनीने माफीही मागितली, पण मला ती गोष्ट अजून बोचते. त्यामुळे ज्या पुस्तकांवर तुमचा जीव आहे ती कागदावरच घ्या. ज्या लेखकांना जाऊन 60 वर्षे उलटली त्यांचे लेखन आपल्याकडे सगळ्यांना मोकळे होते. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांचे 2011 पासून मोकळे आहे. ते मी आधीच भरून ठेवले आहे.

2019 च्या पुरात कपाटाच्या खालच्या दोन फळ्या गेल्या, तेव्हा तुम्ही ओली पुस्तके पंख्याखाली एकेक पान सोडवत बसला होतात. त्या पुस्तकांची यादी तुमच्या वहीत आहे ना? आईला तिचा फोटो पाठवायला सांगा. त्यातली जी किंडलवर मिळतील ती तुमच्या खात्यात घेते, उरलेली पुण्याहून मागवते.

अमित 28 तारखेला येईल. त्याच्याकडून पहिल्या दिवशी फक्त अक्षर मोठे करायला शिका, बाकीचे हळूहळू. आईला नमस्कार.

तुमची,
मृणाल