ग्रीसला गेल्यावर वाइन मागवताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतील ग्रीसवरच्या लेखात वाइनचा विषय सँटोरिनी बेटाचा सूर्यास्त आणि रेत्सिना (पाइनच्या राळेचा स्वाद असलेली वाइन) यांवरच आटोपला. सुट्टीवर जाणाऱ्यांना त्याहून उपयोगी माहिती हवी, म्हणून हे पत्र.

यादीत शार्डोने किंवा कॅबर्ने दिसले, की ओळखीचे म्हणून तेच मागवू नये. ते कुठेही मिळते. तिथले देशी वाण, म्हणजे स्थानिक द्राक्षांच्या जाती, मागवावेत. अडचण एवढीच, की बाटलीवर बरेचदा वाणाऐवजी प्रदेशाचे नाव असते. त्यामुळे जोड्याच पाठ कराव्यात. नाउसा किंवा अमिंदेओ म्हणजे क्सिनोमाव्रो, नेमेआ म्हणजे अगिओर्गितिको, मांतिनिया म्हणजे मुख्यतः मोस्कोफिलेरो. लेबलवर दाराच्या चौकटीसारखे अक्षर, मग गोल, मग पुन्हा तीच चौकट (ΠΟΠ) दिसली, तर प्रदेश आणि वाण दोन्ही कायद्याने बांधलेले आहेत.

यांत रेड वाइनचा क्सिनोमाव्रो सर्वांत फसवा. रंग फिका, म्हणून हलकी समजून लोक ती माशाबरोबर घेतात आणि तोंड तुरट-कडवट होते. टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा) आणि आंबटपणा दोन्ही जबर असल्याने कोवळी वाइन जीभ कोरडी करते. पाचेक वर्षे जुनी बाटली मागावी आणि तासभर आधी उघडून जगमध्ये ओतून ठेवायला सांगावे. शाकाहाऱ्यांनी ती गेमिस्ताबरोबर, म्हणजे भात भरून भाजलेल्या टोमॅटोंबरोबर घ्यावी. टोमॅटोच्या आंबटपणापुढे मऊ वाइन पाणचट लागते, ही टिकते. ऑगस्टमध्ये रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला, म्हणजे तिथल्या तीस अंशांना आली, तर नाकात नुसता अल्कोहोल जातो. पंधरा मिनिटे बर्फाची बादली मागण्यात संकोच नको.

सँटोरिनीची असिर्तिको ही व्हाइट वाइन उत्तमच, पण कड्यावरच्या हॉटेलात तिच्या किमतीत नजाऱ्याचे भाडेही धरलेले असते. ती महाग असण्याला खरे कारणही आहे. वाऱ्यापासून घड वाचावेत म्हणून वेल जमिनीलगत टोपलीसारखा गोल विणतात आणि घड आत धरतात. पाऊस जेमतेम, त्यामुळे उत्पन्न कमी. ज्वालामुखीच्या मातीत चिकणमाती जवळजवळ नसल्याने वेलींची मुळे पोखरणारी फायलोक्सेरा कीड तिथे टिकली नाही आणि वेली आजही कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. ही वाइन फ्रीजमधून थेट प्यायल्यास फक्त आंबट लागते. दहा-बारा अंशांवर येऊ द्यावी.

त्याच पैशांत इतरत्र अधिक मिळते. केफालोनिया बेटावर ओमाला खोऱ्यातली रोबोला ही व्हाइट वाइन तळलेल्या माशाबरोबर छान जुळते. क्रीटमध्ये व्हाइट हवी तर विदियानो, रेड हवी तर लियातिको. (क्रीटमध्ये मनुक्यांसाठी पिकणारी सुल्तानिना म्हणजे आपल्या नाशिकची थॉमसन सीडलेसच.) उत्तरेत मालागुझिया मागावी. हा सुगंधी वाण नामशेष होण्याच्या बेतात होता, तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा लावला गेला.

खानावळीत सुटी वाइन किलोवर मिळते. आधी ‘तेतार्तो’, म्हणजे पाव किलो मागवावी. रंग तपकिरीकडे झुकला असेल आणि चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येत असेल, तर पिंप उघडून बरेच दिवस झालेले असतात. मग मुकाट्याने बाटलीकडे वळावे.

द्राक्षमळ्यांच्या भेटी आधी वेळ ठरवून घ्याव्यात. चव घेऊन थुंकणे तिथे शिष्टाचारातच बसते आणि गाडी चालवणार असाल तर आवश्यकही आहे. तिथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे. स्कूटरवाल्यांना आणि नवख्या चालकांना 0.2 ग्रॅमच. बेटांवर बरेच पर्यटक स्कूटर भाड्याने घेतात, हे विसरू नये. विकत घेतलेल्या बाटल्या उन्हातल्या गाडीत ठेवल्या, तर वाइन शिजते आणि बूच वर येते.

परतताना प्रौढ प्रवाशाला करमुक्त दोन लिटर आणता येतात. 750 मिलीच्या दोन बाटल्या आणि 500 मिलीची एक विन्सांतो (सँटोरिनीची गोड वाइन) यांत ते बरोबर बसतात. बाटल्या चेक-इन बॅगेत मधोमध, कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात. मान सर्वांत आधी फुटते, तिथे दुहेरी मोजा चढवावा.

आपला,
एक वाचक, नाशिक