हॅलोविनबाबत पालक-शिक्षक संघाच्या सदस्यांना सूचना, सांगली

हॅलोविन हा भुताखेतांचे पोशाख करून साजरा होणारा पाश्चात्त्य सण 31 ऑक्टोबरला असतो. हा दिवस अनेकदा दिवाळीच्या सुट्टीत येतो, त्यामुळे कार्यक्रम घ्यायचाच असेल तर तो सुट्टीआधी, प्राथमिक वर्गांसाठी फक्त शेवटच्या दोन तासांत. बालवाडीत नको, तिथली मुलं मुखवट्याला खरोखर घाबरतात. सहभाग ऐच्छिक. ज्या घरांना हे पटत नाही त्यांच्या मुलांना त्या वेळेत चित्रकलेचा तास, हजेरीत फरक नाही.

पोशाख घरातल्या जुन्या सुती कपड्यांचा करावा. बाजारातले झगे पॉलिस्टरचे असतात. पेटले की कापड वितळून कातडीला चिकटतं, म्हणून मेणबत्ती, पणती पूर्ण बंद, सेलवरचे दिवेच. पूर्ण मुखवटा नको, जिन्यावर पायाखालचं दिसत नाही. चेहऱ्याचा रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा.

तोंड कोरून भोपळ्याचा दिवा करायचा तर मंडईतला तीन-चार किलोचा लाल भोपळा घ्या. झाकण आतल्या बाजूला तिरकं कापा, सरळ कापलं तर ते आत पडतं. सुरी मोठ्यांच्या हातात, मुलांना गर काढायला डाव. भिंत बोटभर जाड राहू द्या; पातळ झाली की तोंड खचतं. कोरलेला भोपळा दोन-तीन दिवसांतच बुरसटतो, तेव्हा आदल्या संध्याकाळीच कोरा. गराचे घारगे होतात, टाकू नका.

आयर्लंडमध्ये पूर्वी अशा दिव्यासाठी सलगम कोरत, भोपळा अमेरिकेतला. हॅलोविनही मृतांशी जोडलेला दिवस, म्हणून मुलांना सर्वपित्री अमावस्येसोबत हेही सांगता येईल. संमतीपत्र आठ दिवस आधी वर्गशिक्षकांकडे द्यावे.