तक्रार मागे घेऊ नकोस, पण...

शरणपूर, नाशिक

चि. अमोल,
प्रभू येशूच्या नावात खूप आशीर्वाद.

काल फोनवर तू रागाने म्हणालास, "आई, वैऱ्यावर प्रीती करायची म्हणजे पोलिसातली तक्रार मागे घ्यायची का?" नाही रे बाळा. अंबडच्या शेडमधलं मशीन विकून, गिऱ्हाइकांचे आगाऊ पैसे घेऊन तुझा तो भागीदार निघून गेला. ते पैसे परत मिळालेच पाहिजेत. तुझ्याकडच्या कामगारांचे पगार त्यात अडकले आहेत. त्याला मोकळं सोडणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय.

ग्लॅडिस स्टेन्स यांचं आठव. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन्ही मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेले असताना जाळले गेले. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपद्यातच राहून कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. तरीही खटला चाललाच. मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. त्यांची क्षमा काही त्या खटल्याच्या आड आली नाही. मी आई आहे, त्या दोन लेकरांची वयं लिहितानाही हात थरथरतो. त्या बाईंना हे कुठून जमलं असेल, याचं उत्तर मला प्रभूशिवाय दुसरं सापडत नाही.

"तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा," हे प्रभूने कुणाला सांगितलं? रोमी सैनिकाने वेठीला धरलं की मुकाट्याने ओझं वाहावं लागणाऱ्या माणसांना. पुढे तो म्हणतो, देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवरही पाऊस पाडतो. (द्राक्षं तयार असताना पाऊस म्हटलं की आपल्या नाशिककरांच्या छातीत धस्स होतं, पण तिथल्या कोरड्या मुलखात पाऊस म्हणजे वरदानच.) तुझ्या भागीदाराविषयी माया वाटू दे, असं मी म्हणतच नाही. बायबलमधल्या निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात शत्रूचा बैल चुकला तर तो त्याच्याकडे नेऊन पोचवायला सांगितलंय. मनात काय वाटतं, ते तिथे विचारलेलंच नाही.

त्याचा चुकलेला बैल कोणता, तेही मला ठाऊक आहे. त्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे आणि म्हाताऱ्याला न्यायला घरात कुणी नाही. त्या काकांनीच तुला लेथवर उभं राहायला शिकवलं होतं. एखाद्या दिवशी तू गाडी काढ.

दुसरं, गिऱ्हाइकांपाशी त्याने पैसे बुडवले तेवढंच बोल. त्याच्या बायकोच्या माहेरच्या गोष्टी तू परवा चारचौघांत काढल्यास, ते मला मुळीच आवडलं नाही. त्या बिचारीने तुझं काय केलंय?

आणि रात्री झोपण्याआधी त्याचं नाव घेऊन प्रार्थना कर. शब्द फुटले नाहीत तर नुसतं नाव घे. दावीद राजाने तर बायबलमधल्या स्तोत्रांत वैऱ्यांविषयीचा सगळा संताप देवापुढेच ओतला आहे. तुझाही राग तिथेच ओत, गिऱ्हाइकांपुढे नको.

तारखेला वेळेवर जा, पावत्या आणि बँकेचे कागद सगळे बरोबर घे. काकांना न्यायचा दिवस ठरला की कळव, मीही येते.

तुझी,
आई