बाबागाडी निवडताना योग्य प्रश्न विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार तोंडी मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दामच लिहिते आहे. तुम्ही मला जे विचारलंत ते बाबागाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येक आईबाबांना कुणीतरी विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तुमचं सगळं आयुष्य यंत्रं जोडण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलं, म्हणून तुमच्याकडे आले. वाटलं होतं, मी दाखवलेल्या गाड्यांपैकी एकीवर तुम्ही बोट ठेवाल. पण गाड्यांचे फोटो बाजूला ठेवून तुम्ही विचारलंत, "बाळ गाडीत बसेल तेव्हा केवढं असेल? ढकलणार कोण? रस्ता कसा आहे? आणि काम नसताना गाडी राहणार कुठे?" एवढ्या चार प्रश्नांवर तुम्ही मला विचार करायला लावलंत आणि उत्तरं मिळेपर्यंत गाडीचा विषयच काढला नाहीत. तुमचे खरे आभार मानायचे आहेत ते यासाठी.

पहिला प्रश्न बाळाच्या वयाचा का, हे तेव्हा तुम्ही फार समजुतीने सांगितलंत. आमची लेक थोडी लवकर येणार अशी चिन्हं होती, त्यामुळे ते ऐकताना माझा जीव कानात गोळा झाला होता. नवजात बाळाने मान धरलेली नसते आणि अंगाच्या मानाने त्याचं डोकं जड असतं. अशा बाळाला बसत्या बैठकीत ठेवलं की डोकं पुढे कलतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. डोकं पुन्हा वर उचलायची ताकद त्याच्यात नसते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बाळ शांत झोपलंय. म्हणून पहिले काही महिने बाळाला सपाट झोपता आलंच पाहिजे, यात तडजोड नाही, असं तुम्ही ठासून सांगितलंत. नंतर आमच्या बालरोगतज्ज्ञांनीही हेच सांगितलं, आणि लवकर जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत तर दुप्पट काळजी घ्यायला सांगितली.

सपाट म्हणजे किती, हेही तुम्ही मोघम सोडलं नाहीत. युरोपात बाबागाड्यांसाठी ईएन १८८८ नावाचं मानक आहे. जन्मापासून वापरायच्या बैठकीत पाठ आणि आसन यांच्यामधला कोन निदान १५० अंश हवा, असं त्यात म्हटलंय. गाडीवर 'जन्मापासून योग्य' लिहिलेलं असलं तरी पाठ पूर्ण मागे टाकून, बाजूला उभं राहून, आपल्या डोळ्यांनी बघायचं, ही तुमची शिकवण. कॅरीकॉट, म्हणजे तान्ह्या बाळाला झोपवायची पाळण्यासारखी पेटी, असलेल्या गाडीत हा प्रश्न येत नाही, कारण त्याचा तळच सपाट असतो. पण बाळ स्वतःहून उठून बसू लागलं की कॅरीकॉटचे दिवस संपतात, आणि बऱ्याच कॅरीकॉटची मर्यादा ९ किलो असते. मग खालची चौकट तीच ठेवून वर दुसरी बैठक चढवता येते का, हे घेतानाच विचारून ठेवायचं. आम्ही शेवटी अशीच गाडी घेतली.

मोटारीतली बेबी सीट थेट बाबागाडीच्या चौकटीवर बसवता येते, ही सोय मला फार आवडली होती. झोपलेल्या बाळाला उठवायला नको! तुम्ही ती सोय वाईट म्हणाला नाहीत. फक्त ती सीट प्रवासात बाळाला सांभाळण्यासाठी बनवलेली आहे, तासन्‌तास झोपण्यासाठी नाही, एवढी आठवण करून दिलीत. मोठ्या बाळालासुद्धा सलग दोन तासांपेक्षा जास्त तीत ठेवू नये असं सांगतात, नवजात बाळाला तर त्याहून कितीतरी कमी. मुक्कामी पोहोचलं की बाळ सपाट जागी, हा नियम आमच्या घरात तेव्हापासून कुणी मोडलेला नाही.

ढकलणार कोण, या प्रश्नाचं उत्तर मी पटकन 'मी' असं दिलं होतं. तुम्ही हसून विचारलंत, "आणि दुपारी?" दुपारी सासूबाई. संध्याकाळी हे. सासूबाई उंचीने बेताच्या, मनगट दुखरं. हे चांगले उंच, ढांगा लांब. हँडल खाली असलं की उंच माणूस वाकून चालतो आणि त्याची पावलं मागच्या दांड्यावर आपटतात. फार वर असलं की बुटक्या माणसाचे खांदे चढलेले राहतात. हँडलची उंची कमीजास्त होणं ही चैन वाटायची मला, ती आमच्या घरची गरज निघाली. मिटवण्याचं काम प्रत्येकाने करून बघा, हेही तुम्हीच सुचवलंत. सासूबाईंना एक गाडी काही केल्या मिटेना, कळ दाबायला अंगठ्यात जोर लागत होता. दिसायला ती सगळ्यांत सुरेख होती, तरी आम्ही तिचा विचार तिथेच सोडला. एका हातावर बाळ असताना दुसऱ्या हाताने गाडी मिटते का, ही खरी परीक्षा. जिने असतील तर गाडी उचलून बघायची, आणि तीही बाळाचं वजन जमेस धरून.

रस्त्याबद्दल तुम्ही किती बारकाईने बोललात! लहान, कडक चाकं गुळगुळीत फरशीवर सुरेख पळतात, पण उखडलेल्या रस्त्यावर प्रत्येक खड्डा बाळाच्या पाठीपर्यंत पोहोचवतात. मोठी चाकं खड्ड्यांत अडकत नाहीत. हवेची चाकं सगळ्यांत मऊ चालतात, मात्र ती पंक्चर होतात आणि हवा भरत राहावी लागते. फोमची चाकं या दोन्हींच्या मधली. पुढची चाकं गरागरा फिरणारी हवीत, म्हणजे अरुंद जागेत गाडी वळते, पण खडबडीत वाटेवर ती सरळ अडकवून ठेवायची सोयही हवी. नाहीतर ती थरथरत राहतात आणि गाडी भलतीकडे ओढते. आमच्या रोजच्या वाटेवर फुटपाथ सलग नाही, हे ऐकल्यावर तुम्ही चाकांच्या आकाराला वजनापेक्षा वरचं स्थान द्यायला सांगितलंत. माझा सगळा ओढा तोवर हलक्या गाडीकडे होता.

हलक्या गाडीची गोष्ट तुम्ही सांगितलीत ती तर मी आता प्रत्येकाला सांगते. ओवेन मॅक्लॅरन हे ब्रिटनमधले विमान अभियंते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची खाली येणारी आणि आत मिटणारी चाकं, त्या रचनेवर त्यांनी काम केलं होतं. पुढे आजोबा झाल्यावर नातवंडाची अवजड गाडी उचलताना होणारी तारांबळ त्यांनी पाहिली आणि तीच विद्या बाबागाडीत आणली. ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या, दोन्ही बाजूंनी आत येऊन छत्रीसारखी मिटणारी चौकट, वजन ३ किलोच्या आत. साल १९६५. हे सांगताना तुमचा चेहरा उजळला होता, आपल्याच कारखान्यातल्या कुणाची गोष्ट सांगावी तसा. पण लगेच तुम्ही पुढचंही सांगितलंत. त्या गाडीची बैठक झोळीसारखी कापडी, ती बसत्या मुलासाठी योग्य. त्यामुळे छत्री प्रकारची गाडी ही दुसरी गाडी, पाठ सरळ धरून बसणाऱ्या मुलाची. तान्ह्या बाळासाठी नाही.

सुरक्षेचं सांगताना तुमच्यातला फिटर जागा झाला. ब्रेक लावल्यावर मागची दोन्ही चाकं जखडतात का, उतारावर गाडी रिकामी ठेवून नाही तर आत वजन ठेवून बघायचं. पट्टा पाच ठिकाणी धरणारा हवा : दोन खांदे, दोन बाजूंनी कंबर आणि मांड्यांमधून एक. मधला नसला तर मूल खाली घसरतं आणि पट्टा गळ्यापाशी येतो. चौकट उघडल्यावर ती पक्की बसल्याचा आवाज येतो का, आणि एक कळ चुकून सुटली तरी दुसरी धरून ठेवते का. सांध्यांवर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ घेतलात. २००९ साली अमेरिकेत सुमारे १० लाख गाड्यांच्या बिजागऱ्या झाकण्यासाठी आवरणं वाटावी लागली होती, कारण गाडी उघडताना मुलांची बोटं त्यांत सापडून बोटांची टोकं तुटल्याच्या घटना घडल्या होत्या. ते ऐकल्यापासून गाडी उघडताना किंवा मिटताना लेक हाताच्या अंतरावर नाही ना, हे मी आधी बघते. हँडलला पिशव्या अडकवायच्या नाहीत, हेही तसंच. बाळ उचलून घेतलं की मागचं वजन गाडीला उलथवतं. सामान खालच्या टोपलीत, तेही लिहिलेल्या मर्यादेत.

एका बाबतीत मात्र सल्ला काकूंचा होता आणि त्यांचेही आभार मानायचे राहून जायला नकोत. बाळाचं तोंड आपल्याकडे करता आलं पाहिजे, असं त्या ठामपणे म्हणाल्या. "ती तुला बघेल, तू तिच्याशी बोलशील." मी नंतर वाचलं तेव्हा कळलं, डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी २००८ साली नेमकं हेच तपासलं होतं. बाळाचं तोंड ढकलणाऱ्याकडे असलं की आईबाप त्याच्याशी बरंच जास्त बोलतात, असं त्यांना दिसलं. आणि बैठक फिरवता येणाऱ्या गाडीचं पेटंट तर अमेरिकेत विल्यम रिचर्डसन यांनी १८८९ सालीच घेतलं होतं. काकूंना हे सगळं माहीत असण्याची गरज नव्हती, त्यांनी स्वतः मुलं वाढवली आहेत. आमची लेक पहिल्या महिन्यांत माझा चेहरा बघत बघत झोपायची. झोपेत तिच्या श्वासाकडे, तोंडाच्या रंगाकडे लक्ष ठेवता यायचं, हा दिलासा त्या दिवसांत मला किती मोठा होता ते मी शब्दांत सांगू शकत नाही. आता तिला पुढचं जग बघायचं असतं, म्हणून बैठक फिरवली आहे.

बैठक जमिनीपासून उंच असावी, हेही काकूंचंच. रस्त्याच्या कडेने जाताना गाड्यांच्या धुराच्या नळ्या नेमक्या बाळाच्या नाकाच्या पातळीला येतात. सरे विद्यापीठातले संशोधक प्रशांत कुमार यांनी हाच मुद्दा मांडला आहे. बाबागाडीतलं मूल ज्या उंचीवर श्वास घेतं तिथली हवा मोठ्यांच्या नाकाशी असते त्याहून दूषित असू शकते. चार बोटं वरची बैठक, आणि जमेल तेव्हा आतला रस्ता.

उन्हाबद्दल तुम्ही दोघांनी एका आवाजात बजावलंत. टपावरून कापड सोडायचं नाही, पातळ मलमलचंसुद्धा नाही. कोरड्या कापडाआड हवा कोंडते आणि आतली उष्णता बाहेरच्यापेक्षा वाढते, शिवाय बाळ नजरेआड होतं. मोठा, पुढेपर्यंत येणारा टप आणि त्याला मागून जाळीची खिडकी, एवढं बघून घ्यायला सांगितलंत. ते मी घेतलं. कप ठेवायच्या कड्या, रंगीत गाद्या वगैरेंबद्दल तुम्ही एक वाक्य बोललात : गाडीसोबत न आलेली जाड गादी आत घालू नकोस. तेवढं पुरे होतं.

गाडी आली त्या दिवशी तुम्ही खाली बसून एकेक स्क्रू तपासलात आणि मग मला सगळं पुन्हा सुटं करून जोडायला लावलंत. तेव्हा मला नववा महिना होता आणि मी थकलेले होते, पण आज चाक काढून धुणं, सांध्यात अडकलेली वाळू झटकणं, ब्रेकची तार बघणं मी कुणालाही हाक न मारता करते. सासूबाईसुद्धा ब्रेक लावल्याशिवाय हँडल सोडत नाहीत. लेकीला पोटाशी घेऊन फिरायला जायचं म्हटलं की त्यांच्या मनगटाची कळ आडवी यायची, आता रोज दुपारी त्या दोघी फिरून येतात. हे तुमच्यामुळे झालं, काका.

एक विनंती आहे. माझ्या नणंदेला जुळं होणार आहे आणि जोडगाडी शेजारी-शेजारी बैठकांची घ्यावी की पुढे-मागे, असा तिला प्रश्न पडला आहे. शेजारी बसवली तर दोघांना सारखंच दिसतं पण गाडी रुंद होते. पुढे-मागे बसवली तर दारातून सहज जाते पण लांब होते आणि वळवायला जड पडते, एवढं मी तिला सांगितलं. घराच्या आणि लिफ्टच्या दारांची मापं आधी घे, आणि दोन्ही बैठका पूर्ण सपाट होतात का ते विचार, असंही सांगितलं. पुढचं तुम्हीच सांगा. ती रविवारी तुम्हाला फोन करेल.

काकूंना नमस्कार.

तुमची,
वरच्या मजल्यावरची लेक