सुमे, दादाला तूच सांग

प्रिय सुमे,

बरेच दिवस काही लिहिलं नाही म्हणून रागावली असशील तर तो राग फोनवर काढ, आत्ता आधी हे वाच. माझी पाठ बरी आहे, आईचं बीपी ठीक, बाकी सगळे मजेत. लिहायला बसले कारण रविवारी नदीवर जे बघितलं ते इथे कुणाला सांगून उपयोग होत नाहीये. वहिनी म्हणते तू उगाच टेन्शन घेतेस, लंबू म्हणतो दादा सांगेल तसं करू, आणि दादा तर माझ्याशी बोलतच नाहीये. पाण्यात पडलेल्या झाडात आपली नाव अडकली त्या दिवशी माझ्या पुढे तू बसली होतीस, त्यामुळे तुलाच कळेल.

तर ट्रिप ठरलीये. शांत नदी, सावकाश वल्हवायचं, मधे थांबायचं, संध्याकाळच्या आत घरी. दोन उघड्या, दोघांच्या कनू आणि दोन बुटके, एकेकट्याचे कयाक. आत्या येतेय!! हो, आपली आत्या. खांदा धरलेला, पोहता येत नाही, पण "मला एकदा तरी पाण्यावरून जायचंय" म्हणून हटूनच बसली आणि खरं सांगू का, मला इतका आनंद झाला की मी त्याच रात्री नकाशा काढून बसले. ती माझ्याबरोबर कनूत, चिंटू दादाबरोबर, वहिनी आणि लंबू एकेका कयाकमध्ये. दादा-वहिनीला एका नावेत बसवायचं नाही हे तुझं जुनं फर्मान अजून लागू आहे, मागच्या वेळी दोघं एकमेकांना "उजवीकडे, उजवीकडे" ओरडत डाव्या काठावर गेले होते ते काठावरच्या गुरांनीसुद्धा बघितलं.

दादाचा प्लॅन होता वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. त्याने दोन पुलांमध्ये सरळ रेघ मारली आणि म्हणाला १३ किलोमीटर, अर्ध्या दिवसाचं काम. मी दोरा घेतला आणि प्रत्येक वळणावर वाकवत वाकवत नकाशावर ठेवला तर १८ भरलं. रमतगमत वल्हवणारी माणसं संथ पाण्यावर तासाला ३-४ किलोमीटर जातात, म्हणजे १८ ला पाच-सहा तास नुसतं वल्हवणं झालं, थांबणं, उतरणं, चिंटूचं "मला आत्ताच जायचंय" हे सगळं वेगळं. आणि वेग ठरवायचा तो सगळ्यात हळू माणसाचा धरून ठरवायचा ना, दादाचा धरून नाही. आत्याचा खांदा तासाभरात बोलायला लागतो. दुपारी वारा सुटला आणि तो समोरून आला की कनू कशी अडते तुला माहितीये, तिच्या बाजू उंच असतात त्यामुळे वारा लगेच धरते, कयाकवाले आपले खाली बसून निघून जातात. म्हणून मी म्हटलं सकाळी ७ ला पाण्यात, दुपारच्या आत बाहेर.

इथपर्यंत भांडण नव्हतं. भांडण बंधाऱ्यावरून झालं.

नकाशावर मधे एक बारीक आडवी रेघ दिसत होती. मी म्हटलं बघून येऊ, दादा म्हणाला काय बघायचंय, सॅटेलाइट फोटो आहे की. पण तो फोटो कधीचा आहे कोण जाणे, मधल्या काळात झाड पडलेलं असू शकतं, काठ ढासळलेला असू शकतो. शेवटी आला, कुरकुरत का होईना. आधी आम्ही वरच्या अंगाला काठावर उभे राहिलो, आणि सुमे, तिथून काहीही दिसत नाही! पाणी सपाट, आरशासारखं, आणि एका ठिकाणी ते नुसतं संपतं. सरळ रेघ, तिच्यापलीकडे लांबच्या झाडांचे शेंडे. आवाजसुद्धा वरच्या बाजूला फारसा येत नाही. नावेत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम हातभर वर असतात, त्याला तर ती रेघ अगदी जवळ जाईपर्यंत कळणार नाही.

मग चालत खाली गेलो. बंधारा तीन फुटांचा असेल. दादा लगेच म्हणाला, "हे बघ, एवढंसं आहे, नाक सरळ ठेवून सोडली की झालं." खाली एक निळा प्लास्टिकचा ड्रम पाण्यात होता. बंधाऱ्यापासून सुटून चार-पाच हात पुढे यायचा, मला वाटायचं आता निघाला, की थांबायचा, परत मागे ओढला जायचा, पडणाऱ्या पाण्याखाली जाऊन दिसेनासा व्हायचा, मग एकदम उसळून वर, परत चार-पाच हात पुढे, परत मागे. आम्ही आलो तेव्हापासून निघेपर्यंत तो तिथेच. दादाने व्हिडिओ काढला, मजेत. मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

वरून पडलेलं पाणी तळाशी जातं, तळावरून पुढे सरकतं, वर येतं आणि वर आल्यावर त्यातलं बरंच पृष्ठभागावरून उलटं बंधाऱ्याकडे धावतं. बंधारा काठापासून काठापर्यंत सारखा असतो त्यामुळे हे चक्कर पण काठापासून काठापर्यंत, बाजूने निसटायला फट नाही. त्यातल्या पाण्यात हवा मिसळून फेस झालेला असतो, फेसावर माणूस नीट तरंगतही नाही, लाइफ जॅकेट घातलं असलं तरी. उंचीचा याच्याशी फारसा संबंधच नाहीये! अवघड धबधबा बघून माणूस आपणहून लांब राहतो, हे बुटकं दिसतं म्हणून लोक वरून जातात आणि मदतीला गेलेले पण त्यातच अडकतात. इंग्रजीत याला बुडवणारं मशीनच म्हणतात. आणि वर पाऊस झाला, पाणी वाढलं तर वरून अजून गुळगुळीत दिसतं आणि खालची ओढ अजून वाढते, हे तर त्याला पटतच नाही, म्हणतो पाणी जास्त म्हणजे बंधारा झाकला जाईल, बरंच की.

मी हे सगळं तिथेच सांगितलं. तर म्हणे, "तू त्या झाडापासून घाबरट झालीयेस."

सुमे, तेव्हा तो नव्हता ना तिथे. त्याने फक्त ऐकलंय. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात जातं, काठ खणत जातं आणि झाडं पण तिथेच पडतात, हे मला आता झोपेतसुद्धा सांगता येईल, पण तेव्हा त्या फांद्या आपल्याकडे कशा आल्या, तू "झाडाकडे झुक, झाडाकडे!" ओरडलीस, आणि अंग सांगत होतं लांब हो, लांब हो. लांब झुकलो असतो तर प्रवाह येतो त्या बाजूची कड पाण्यात गेली असती आणि नाव भरली असती. फांद्यांमधून पाणी जातं, माणूस जात नाही. चालण्याच्या वेगाचं पाणी होतं ते, नदी "एकदम शांत" होती, अवघडपणाच्या सहा पायऱ्यांतली पहिली पायरी. ती नाव मग तिथून ओढून काढायला चार जण लागले. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो हे मी तेव्हा हाताने शिकले. याला घाबरटपणा म्हणतात का गं?

तुझं आणि माझं तेव्हाचं भांडण मात्र मी अजून सोडलेलं नाही. मागे कुणी बसायचं. तुझं म्हणणं जो वजनाने जास्त तो मागे, माझं म्हणणं ज्याला नाव वळवता येते तो मागे. मागच्याने दिशा धरायची, पुढच्याने ताल, आणि तुझा ताल म्हणजे... जाऊ दे, तुझ्याशी कामाचं बोलणं आहे अजून.

रात्री घरी परत तोच विषय. दादा थोडा खाली आला, म्हणाला बरं, बंधाऱ्याच्या आधी उतरू, नावा उचलून काठाने पलीकडे नेऊ आणि परत पाण्यात सोडू. ऐकायला बरोबर वाटतं. आणि तुझा तो लाडका मॅकग्रेगर (आठवतंय ना, १८६५ मध्ये दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं घेऊन युरोपच्या नद्या फिरला, तू प्रत्येक ट्रिपला आम्हाला ऐकवायचीस) तोही आपली रॉब रॉय कधी गाडीवर, कधी रेल्वेत घालून पुढच्या पाण्याला न्यायचाच की. उचलून नेण्यात कमीपणा नाहीच. पण मी काठ बघून आलेय. दोन्हीकडे दगडी भिंत, उतरायला एकच जागा, ती पण रेघेपासून मोजून तीस पावलं वर, आणि तिथे पाण्याला ओढ सुरू झालेली असते. दादा आणि लंबू सहज लावतील नाव. मी आत्याला घेऊन, ती एका हाताने कड धरून उभी राहायला बघणार, मागून वहिनीचा कयाक, चिंटू उत्साहात... एक नाव चुकली तर पुढे फक्त ती रेघ. तिथे दुसरा चान्स नाही. म्हणून उतरायची जागा अशी हवी की ती चुकली तरी पुढे आणखी एक असेल.

मग मी वरच्या बाजूला शोधलं आणि मिळाली गं! सुरुवातीपासून ९ किलोमीटरवर, वळणाच्या आतल्या अंगाला, बारीक खड्यांचा मस्त उतार, पाणी तिथे गुडघ्याखाली, ओढ जवळपास नाही. बंधारा तिथून दीड किलोमीटर पुढे, आणि मधे आणखी एक उतरण्याजोगी जागा. गाडी थेट नाही जात, शेवटी थोडं चालावं लागतं, चिखल पण असतो, चालेल. ९ किलोमीटर म्हणजे आत्याच्या वेगाने तीन तास, वर तासभर इकडचं तिकडचं. एक गाडी आदल्या रात्रीच तिकडे लावून ठेवायची. (किल्ली माझ्याकडे. तू तिकडच्या गाडीची किल्ली इकडच्या गाडीत ठेवून चार तास वल्हवलंस तो दिवस इथे अजूनही सगळे प्रेमाने आठवतात.)

दादा म्हणतो मग गेलो तिथून वल्हवत परत वर येऊ, दुसरी गाडी कशाला. त्याला हिशेब मांडून दाखवला: तू ताशी ५ ने वल्हवतोस, पाणी २ ने वाहतंय, जाताना तासाला ७ जाशील, येताना ३. तासाभरात गेलेलं अंतर परत यायला दोन तास वीस मिनिटं, आणि ती दमलेल्या हातांनी, वाऱ्यात. त्यावर बोलला नाही, उठून गेला.

पण मला वाईट कशाचं वाटतंय सांगू? बंधाऱ्याच्या खालचा भाग सगळ्यात सुंदर आहे. आपण दोघींनी खालच्या पुलावरून बघून ठरवलं होतं तोच, दोन्हीकडून झाडं वाकलेली, रुंद संथ डोह, खंड्या एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर. आत्याला तोच दाखवायचा होता. तिने दादाकडून ऐकलंय आणि आता तिचाही तोच हट्ट, म्हणते "मी परत कुठे येणार आहे." तिच्या या वाक्यापुढे माझे सगळे हिशेब लंगडे पडतात. मी तिला म्हटलं खालचा भाग वेगळ्या दिवशी करू, बंधाऱ्याच्या बऱ्याच खाली गाडी जाते तिथून सुरू करू, फक्त तू आणि मी. ती गप्प बसली. हो म्हणाली नाही. दोन दिवस मी हेच घोळवतेय, मी तिचा आनंद अर्धा करतेय का. आणि तेवढ्यात तो ड्रम आठवतो.

जॅकेट तिला घालून बघितलं. खांद्याला धरून वर ओढलं तर कानापर्यंत आलं, म्हणजे मोठं झालं, लहान मागवलंय. पडलीस तर उभं राहायचं नाही, पाठीवर तरंगायचं, पाय वर आणि पुढे, हे तिला आणि चिंटूला रोज संध्याकाळी सतरंजीवर शिकवतेय. पाय दगडात अडकला तर वाहतं पाणी माणसाला पालथं पाडतं ना. आत्या सतरंजीवर फार छान तरंगते. परवा पाय वर करून म्हणाली, "आता अशीच घरी नेऊन सोडशील का?"

तुझं नवीन ऑफिस कसं आहे, काकूंचा गुडघा कसा आहे, लेकीचं कॉलेजचं काय ठरलं, सगळं लिही, खरंच लिही.

आणि एक काम कर. बुधवारी रात्री दादा घरी असतो, त्याला फोन कर. माझं नाव नको घेऊस, झाडाचं पण नको काढूस. त्याने काढलेला व्हिडिओ मी तुला पाठवतेय, त्याला फक्त एवढंच विचार की त्यातला ड्रम शेवटी बाहेर आला का. तुझं तो ऐकतो. आणि जमलंच तर तू ये, आत्याला मधे बसवू, कनूत तिघींना जागा होते. मागे कुणी बसायचं ते तू ठरव. येताना तुझी ती मोठी लाल, पाणी आत न जाणारी ड्राय बॅग घेऊन ये, माझीचं तोंड नीट बंद होत नाहीये.

तुझीच,
निमी