जमैकाचा जमाखर्च आणि जमैकाचे काम

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत कॅरिबियन समुद्रातील देशांच्या सरकारी कारभाराची तुलना करणारा लेख वाचला. जमैकाने दहा-बारा वर्षांत कर्जाचा डोंगर कसा उतरवला हे सांगून लेखकाने, शेजाऱ्यांमध्ये जमैकाची सरकारी यंत्रणा सर्वांत कार्यक्षम ठरते, असा निष्कर्ष काढला आहे. लेखातील कर्जाच्या आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. निष्कर्ष मात्र त्या आकड्यांतून निघत नाही, आणि तेवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखाकारांच्या कार्यालयात, मी बत्तीस वर्षे काढली, त्यांतली बरीचशी दौऱ्यावर गेली. एका उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी पाणीपुरवठ्याच्या कामाचे दप्तर तपासत होतो. मस्टर रोल, मेजरमेंट बुक, व्हाउचरे, सामानाचे रजिस्टर, सगळे जागच्या जागी. दोन दिवसांत साधे एक हाफ मार्जिन, म्हणजे खुलासा मागणारी तपासणीची चिठ्ठी, काढण्याचीही वेळ आली नाही. दुपारी जेवायला बसण्याआधी हात धुवायला नळ सोडला, तर त्यातून नुसती हवा आली. चौकीदाराने मुकाट्याने शेजारच्या विहिरीवरून बादली आणून ठेवली. टाकी बांधल्यापासून तिच्यात पाणी चढलेच नव्हते, कारण पंपाला वीज द्यायची ती दुसऱ्या खात्याने आणि त्या खात्याच्या कागदांत या पंपाचा पत्ताच नव्हता. आमची वही चोख होती, गावाची तहान मात्र तशीच होती. पैशाचा हिशेब ही एक वही आणि कामाचा हिशेब ही दुसरी, हे मला त्या बादलीने जितके नीट समजावले तितके पुढच्या कोणत्याही प्रशिक्षणाने समजावले नाही.

जमैकाची पहिली वही खरोखर वाखाणण्याजोगी आहे. २०१३ च्या सुमारास त्या देशाचे सरकारी कर्ज वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्या, म्हणजे जीडीपीच्या, १४० टक्क्यांच्या वर गेले होते. आज ते ६० च्या घरात आहे. हे साधायला सरकारला कित्येक वर्षे, व्याज सोडून बाकीचा सगळा खर्च भागवल्यावर, जीडीपीच्या सुमारे साडेसात टक्के एवढी रक्कम शिल्लक टाकावी लागली. इतकी शिल्लक वर्षानुवर्षे टाकणारे देश जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. देशातल्याच रोखेधारकांनी २०१० मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये आपल्या रोख्यांवर कमी व्याज आणि लांबलेली मुदत पत्करली. सरकारी नोकरांची पगारवाढ गोठली. आणि यातले सर्वांत अवघड म्हणजे २०१६ मध्ये सत्तापालट झाला तरी कार्यक्रम बदलला नाही. पीपल्स नॅशनल पार्टीने जे सुरू केले तेच जमैका लेबर पार्टीने पुढे चालवले. आपल्याकडे सरकार बदलले की आधी योजनेच्या नावाची पाटी बदलते, हे कोणाला सांगायला नको.

या यशाचे श्रेय लेखकाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाच्या अटींना दिले आहे. अटी तर आधीही होत्या, आणि कार्यक्रम अर्ध्यावर बंदही पडले होते. २०१३ मध्ये नवे काय होते, तर एक देखरेख समिती. तीत बँका, उद्योजक, कामगार संघटना आणि सरकार यांचे प्रतिनिधी एकत्र बसत. कोणते उद्दिष्ट गाठले, कोणते हुकले आणि पुढच्या तिमाहीत धोका कुठे आहे, हे ही समिती पत्रकारांपुढे येऊन ठरावीक काळाने जाहीर सांगत असे. बँकांनी व्याज सोडलेले होते आणि कामगारांनी पगारवाढ, म्हणून आपल्या त्यागाचे सरकारने काय केले हे विचारण्याचा दोघांनाही पुरेपूर हक्क होता आणि गरजही होती. ज्याचे पैसे अडकले आहेत त्यालाच तपासनीस म्हणून बसवायचे, ही युक्ती मला तरी कोणत्याही कायद्याच्या कलमापेक्षा परिणामकारक वाटते. २०२५ पासून तेथे सरकारी जमाखर्चाच्या नियमांवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र वित्त आयोगही कामाला लागला आहे. येथवर लेखकाशी माझा मतभेद नाही.

आता दुसरी वही. सुमारे २८ लाख वस्तीच्या या देशात २०२३ मध्ये १,४०० च्या आसपास खून झाले. वस्ती आमच्या ग्वाल्हेर जिल्ह्याहून थोडीच अधिक, एवढे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने उतरले आणि २०२५ मध्ये खुनांची संख्या ७०० च्या आत आली, हे पोलीस यंत्रणेच्या पारड्यात टाकलेच पाहिजे. पण ज्या वर्षांत कर्जाची वही सुधारत होती त्यांतल्या बऱ्याच वर्षांत खुनांचा आकडा चढाच होता, हेही विसरून चालणार नाही. शिल्लक टाकायची तर ती कशातून तरी काढावी लागते. रस्ते, दवाखाने आणि शाळा यांच्यावरचा भांडवली खर्च तेथे आधी कापला गेला. दुसऱ्या वहीत काही जमेच्या नोंदीही आहेत, आणि लेखकाने नेमक्या त्याच गाळल्या आहेत. जमैकाने १९९९ पासून जन्म-मृत्यू नोंदणीसारखी काही कार्यालये मंत्रालयांपासून अलग काढून, ठरवून दिलेल्या उद्दिष्टांना बांधील असलेल्या मुख्याधिकाऱ्यांच्या हाती दिली. दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या माणसाला कर्जाच्या टक्केवारीपेक्षा असल्या सुधारणेचे मोल अधिक असते.

तुलना म्हटली की बार्बाडोस आले. तेथे दोन्ही वह्यांचे चित्र नेमके उलटे होते. शिक्षण, आरोग्य, आयुर्मान या बाबतीत तो देश जमैकाच्या पुढे, संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकासाच्या कोष्टकात सर्वांत वरच्या गटात; कर्ज मात्र २०१८ पर्यंत जीडीपीच्या दीडपटीच्याही वर चढलेले. त्या वर्षीच्या मे महिन्यात निवडणूक होऊन मिया मॉटली यांच्या पक्षाने संसदेच्या तिसांपैकी तीसही जागा जिंकल्या, आणि पुढच्याच महिन्यात सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास दक्षिण किनाऱ्यावर, पर्यटकांच्या हॉटेलांसमोर, तुंबलेल्या गटारांचे पाणी रस्त्यावर वाहत होते. उत्तम सेवांसाठी नावाजलेल्या सरकारकडे देखभालीला पैसा उरत नाही तेव्हा काय होते, याचा हा नमुना. तरीही सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून करार करण्याची पद्धत बार्बाडोसने १९९३ मध्येच, म्हणजे जमैकाच्या वीस वर्षे आधी, घातली होती. त्याआधीच्या संकटात चलनाचे अवमूल्यन टाळण्यासाठी सरकारी नोकरांनी पगारात ८ टक्के कपात सोसली, आणि अमेरिकन डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर हा १९७५ पासूनचा दर आजही कायम आहे. जमैकाचे कौतुक करताना ही उसनवारी नमूद करायला हवी होती.

त्रिनिदाद आणि टोबॅगोकडे तेल आणि वायू असल्यामुळे पैशाची चणचण त्या मानाने कमी. पण पैसा असूनही यंत्रणा किती रेंगाळते हे तेथे पाहावे. सरकारी खरेदीचा कायदा २०१५ मध्ये मंजूर झाला आणि पूर्णपणे लागू व्हायला २०२३ उजाडले. लेखापरीक्षकाच्या दृष्टीने मात्र त्या देशातली सर्वांत बोलकी घटना २०२४ मधली आहे. आदल्या वर्षाचे सरकारी हिशेब महालेखापरीक्षकांकडे गेल्यावर वित्त मंत्रालयाने कळवले, की महसुलाचा आकडा सुमारे २६० कोटी त्रिनिदाद डॉलरने कमी दाखवला गेला आहे, आणि दुरुस्त हिशेब पाठवले. चेक वटवण्याच्या नव्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीत चूक झाली, असे कारण देण्यात आले. महालेखापरीक्षकांनी ते दुरुस्त हिशेब सहजासहजी स्वीकारले नाहीत, आणि प्रकरण न्यायालयात गेले. चूक कोणाची यावर मी मत देणार नाही. पण एवढ्या रकमेचा फरक वर्ष संपून कित्येक महिने लोटेपर्यंत कोणाच्याही नजरेस पडला नाही, यातून त्या यंत्रणेची पहिली वहीही किती सैल आहे ते दिसते.

लेखात भ्रष्टाचाराच्या जागतिक निर्देशांकाचाही आधार घेतला आहे. २०२३ च्या त्या निर्देशांकात (जास्त गुण म्हणजे कमी भ्रष्टाचार) शंभरांपैकी बार्बाडोसला ६९, जमैकाला ४४, त्रिनिदादला ४२ आणि हैतीला १७ गुण आहेत. म्हणजे लेखकाने स्वतः निवडलेला पुरावाच त्यांच्या निष्कर्षाविरुद्ध जातो. शिवाय तो निर्देशांक जाणकारांच्या आणि व्यावसायिकांच्या मतांवर बेतलेला असतो, प्रत्यक्ष तपासणीवर नव्हे. आणि अँटिग्वासारखे काही शेजारी त्यात मुळीच नाहीत. बार्बाडोसची लोकसंख्या २ लाख ८० हजारांच्या आसपास, ग्वाल्हेर शहराच्या चौथ्या हिश्श्याएवढी. इतक्या लहान समाजात अधिकारी आणि अर्जदार एकमेकांना नावानिशी ओळखतात. त्याचा फायदा असतो तसा तोटाही असतो, पण जमैकाशी तुलना करताना आकारातला हा फरक धरायलाच हवा.

दोन्ही वह्यांची गाठ पडते ती चक्रीवादळात. २००४ च्या आयव्हन वादळाने ग्रेनाडाचे नुकसान त्या देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुप्पट झाले, त्यानंतर २००७ मध्ये या देशांनी मिळून सामाईक विमा निधी उभारला. जमैकाने त्याच्या वर २०२१ मध्ये जागतिक बँकेमार्फत आपत्ती रोखे, म्हणजे ठरलेली आपत्ती आली तर गुंतवणूकदारांचे मुद्दल देशाला मिळते असे रोखे, काढले आणि २०२४ मध्ये १५ कोटी अमेरिकन डॉलरचे नवे रोखे काढले. या रोख्यांचे पैसे नुकसान मोजून मिळत नाहीत, वादळाच्या केंद्रातला हवेचा दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला तरच मिळतात. जुलै २०२४ मधल्या बेरिल वादळात दाब तेवढा उतरला नाही आणि जमैकाला या रोख्यांतून एक छदामही मिळाला नाही. त्याच वादळानंतर ग्रेनाडाने मात्र आपल्या कर्जरोख्यांतील वादळाच्या कलमाचा आधार घेऊन हप्ते पुढे ढकलले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा वादळ जमैकाच्या पश्चिम भागावर आदळले तेव्हा १५ कोटींची पूर्ण रक्कम देय झाली. पहिल्या वहीतली ही नोंद निर्दोष आहे, आणि ज्यांनी ती वर्षानुवर्षे लिहिली त्यांना मी एक निवृत्त कारकून म्हणून नमस्कार करतो.

त्याच वादळात ब्लॅक रिव्हर येथील सरकारी रुग्णालयाची मोडतोड झाली आणि रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले. त्या रुग्णालयावर नवे छप्पर केव्हा चढले, तेथल्या नळाला पाणी केव्हा आले आणि आलेल्या पैशांपैकी किती तिथवर पोहोचले, याविषयी लेखकाने आपल्या पुरवणीत पुन्हा लिहावे, अशी विनंती आहे. तेव्हा त्यांचा निष्कर्ष मी पुन्हा वाचीन.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक
लष्कर, ग्वाल्हेर