संवाद नसलेली भूमिका

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

एकांकिकेत एकही वाक्य नसलेली भूमिका मिळाली, आता बोलताना अडखळायची भीती नाही म्हणून तुला हायसं वाटलं, असं तू लिहिलंस. पण ही भूमिका सोपी नाही गं. बोलणाऱ्या नटाची हालचाल चुकली तर पुढचं वाक्य त्याला सावरून घेतं. तुझ्याकडे ते वाक्यच नाही. म्हणून आज रोवन ॲटकिन्सनबद्दल लिहिते आहे. त्याने साकारलेला मिस्टर बीन तू लहानपणापासून पाहत आलीस, आता तो कसा रचलाय तेवढं बघ.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या काउंटी डरहॅममधला हा माणूस, जन्म १९५५चा. लाजरा, बोलताना अडखळणारा. शिक्षण तुझंच: न्यूकॅसलला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, मग ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात एमएससी. तिथे त्याला लेखक रिचर्ड कर्टिस आणि संगीतकार हॉवर्ड गुडॉल भेटले. १९७६मध्ये त्याने एडिंबरा फ्रिंज महोत्सव गाजवला आणि १९७९पासून तो बीबीसीच्या विनोदी कार्यक्रमात दिसू लागला. हे सगळं अडखळणं गेल्यावर घडलं, असं मात्र धरून चालू नकोस. ते गेलं नाही. पात्रात शिरलं की ते नाहीसं होतं, हा त्याचा अनुभव. गाताना किंवा सर्वांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळणाऱ्या बहुतेकांची जीभ मोकळी होते, तसंच हे.

त्याला 'ब' नडायचा. 'ब्लॅकॲडर' या त्याच्या विनोदी मालिकेत 'बॉब' हे नाव तो कसं घेतो ते नीट ऐक. जिथे अडायची भीती तिथेच तो उच्चार गरजेपेक्षा जास्त ठसठशीत करतो, आणि नेमका तिथेच हशा येतो. पण ही युक्ती रंगमंचापुरती. तोंडी परीक्षेत ओठ असे दाबलेस तर शब्द आणखी घट्ट अडकेल. तिथे थेरपिस्टने शिकवलेलंच कर: ओठ हलकेच टेकवायचे, श्वास सोडता सोडता शब्द सुरू करायचा. आणि 'प' नको म्हणून 'पाणी'च्या जागी 'जल' म्हणायची सवय लावून घेऊ नकोस. त्याने भीती वाढते.

आता मूळ मुद्दा. बीनचा पहिला भाग १ जानेवारी १९९०ला दाखवला गेला. त्यातला समुद्रकिनाऱ्याचा प्रसंग काढ. काम एकच: पँट न काढता पोहण्याची चड्डी घालायची. अडचणही एकच: जवळ काळा चष्मा लावलेला एक माणूस बसलाय. बीन चड्डी पँटवरूनच चढवतो आणि मग आतली पँट बाहेर ओढत बसतो. खटाटोप पार पडतो, तो माणूस उठतो, आणि कळतं की त्याला दिसतच नाही. यात एकही हालचाल हसवण्यासाठी केलेली नाही. प्रत्येक हालचाल कामासाठी आहे. बीनला आपण विनोदी आहोत हे ठाऊकच नाही. त्याच्या दृष्टीने ही जगातली सगळ्यात गंभीर अडचण आहे. मला विचारशील तर त्याच्या यशाचं मर्म वेड्यावाकड्या चेहऱ्यात नाही, या गांभीर्यात आहे.

तुझी भूमिका तशीच बांध. कागदाचे दोन भाग कर. डावीकडे हालचाल, उजवीकडे त्या क्षणी पात्राच्या डोक्यात काय चाललंय ते. उजवीकडची जागा रिकामी राहिली तर ती हालचाल काढून टाक. क्रम पक्का ठेव: आधी डोळे, मग मान, मग हात. तिन्ही एकदम हलले की प्रेक्षकाला विचार दिसत नाही, नुसती गडबड दिसते. डोळे वळले की मनात 'एक-दोन' मोज आणि मगच मान वळव. नवशिके घाबरून हाच पॉज खातात.

वस्तू पहिल्या तालमीपासून खरी घे. रिकामी पिशवी भरलेली म्हणून उचललीस की खांदा खोटं बोलतो. रंगीत तालमीच्या दिवशी खरी आली की सगळे हिशेब चुकतात. हशा आला की थांब, पण पात्राचा विचार चालू ठेव. हशा उतरू लागला की पुढची हालचाल कर. पूर्ण विरेपर्यंत थांबलीस तर लय तुटते, शिगेला असताना हललीस तर हालचाल वाया जाते. आणि दुसऱ्या प्रयोगाला हशा कमी आला म्हणून चेहरा वाढवू नकोस. बहुतेक वेळा चूक हालचालीत नसते. काम काय आणि अडचण काय, हे प्रेक्षकाला आधी स्पष्ट झालेलं नसतं.

१९८७मध्ये कॅनडातल्या माँट्रियालच्या विनोद महोत्सवात ॲटकिन्सनला इंग्रजी कार्यक्रमात घेतलं होतं. त्याने हट्टाने फ्रेंच कार्यक्रम मागून घेतला. भाषेचा आधार काढला तर बीनचं पात्र उभं राहतं का, ते त्याला तपासायचं होतं. इंजिनिअरचीच चाचणी ही! बीनच्या मालिकेचे भाग तसे जेमतेम पंधरा झाले, पण भाषा आड न आल्यामुळे ते कुठल्या कुठे पोचले.

रविवारच्या तालमीचा व्हिडिओ पाठव. फोन पहिल्या रांगेच्या मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर ठेव. पायापासून डोक्यापर्यंत दिसली पाहिजेस. मी आवाज बंद करून पाहीन आणि जिथे मला काही कळलं नाही ती मिनिटं लिहून पाठवीन.

तुझी,
आई